त्यांच्याकडे 200 मिलिमीटर, आपल्याकडे 700

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरचे सहा जण जैसलमेरला जाऊन आलो. पुण्याहून रेल्वेने जोधपूर आणि तिथून गाडी करून पोखरणमार्गे पुढे, एकूण आठ दिवस. आल्यापासून हे पत्र लिहायचं लिहायचं म्हणत होते पण शाळा सुरू झाली, सराव परीक्षा आल्या, राहून गेलं. कुणी विचारलं कशी झाली ट्रिप की आपण मस्त झाली म्हणतो, मोबाइलवर फोटो दाखवतो आणि विषय संपतो. मस्त झालीच, नाही म्हणत नाही. पण काही गोष्टी अशा पाहिल्या की त्या अजून मनातून जात नाहीत. आपल्या पुरवणीत हिवाळी सहलींवर लेख येतात, मी ते कापून ठेवते, त्यात किल्ला असतो, उंटाची सवारी असते, तंबूतली रात्र असते. मला जे सांगायचंय ते त्यात कधी वाचायला मिळालं नाही म्हणून लिहितेय.

मी लातूरची. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेने आमच्यासाठी पाणी आलं, ते अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आम्ही ते घरात पाहिलं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून 144 कलम लावलं होतं, आमच्या गल्लीत टँकर आला की माणसं जेवणाच्या ताटावरून उठून पळायची. तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती, तिने चित्रकलेच्या वहीत रेल्वे काढली होती आणि प्रत्येक डबा निळा रंगवला होता. ती वही अजून आहे माझ्याकडे. तर असं घर वाळवंट बघायला निघालं तेव्हा आमच्या मनात एकच होतं, की आपल्यापेक्षा वाईट अवस्था असलेली माणसं तिथे असणार. सासूबाई तर म्हणाल्या, जिथे पाणीच नाही तिथे कशाला जायचं पैसे घालून.

जैसलमेरला वर्षभरात सरासरी 200 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. लातूरला चांगल्या वर्षी 700-800 पडतो. हे आकडे मला आधी माहीतच नव्हते, भूगोल शिकवत नाही मी, मराठी शिकवते, आल्यावर शोधून काढले. पण आकड्यांच्या आधी जे पाहिलं ते सांगते.

खुडी गावाकडे जाताना आमच्या ड्रायव्हरभैयाने गाडी मुख्य रस्ता सोडून आत घेतली. त्याच्या लांबच्या नात्यातली एक ढाणी होती, ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, चार-पाच घरं. गोल झोपड्या, गवताची छपरं, अंगण शेणाने सारवलेलं आणि इतकं स्वच्छ की चप्पल आपोआप बाहेर काढली. घरातली म्हातारी, तिला सगळे माजीसा म्हणत होते, तिने सासूबाईंना खाटेवर बसवलं आणि आधी पाणी आणलं. एक लोटा, वर झाकण. दुसरं काही विचारायच्या आधी पाणी. सासूबाईंनी वरून धार धरून प्यायलं आणि सवयीने उरलेलं अंगणात ओतायला हात वाकडा केला. माजीसा काही बोलली नाही, फक्त हात पुढे केला, तो लोटा घेतला आणि आतलं घोटभर पाणी कोपऱ्यातल्या तुळशीसारख्या एका रोपाला घातलं. रागाने नाही, कुणाला शिकवायला नाही, आपण खाली पडलेली भाकरी उचलून कपाळाला लावतो ना, तसं. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते. त्या गप्प झाल्या होत्या. संध्याकाळी गाडीत म्हणाल्या, "माझी आजी अशी होती गं, आडावरून पाणी शेंदून आणायची तेव्हा."

त्या घरात भांडी वाळूने घासतात. बारीक चाळलेली कोरडी वाळू, ताट घासायचं, झटकायचं, कापडाने पुसायचं, लखलखीत. माठ ठेवायच्या तिवईखाली परात होती, माठातून झिरपलेलं त्या परातीत जमा होत होतं आणि ते शेळीच्या पिल्लाला. हात धुतलेलं पाणी वेगळं, ते झाडाला. मी शहरातली बाई, माझ्या मनात आधी आलं की बिचाऱ्यांना किती काटकसर करावी लागते. मग माजीसाने घरामागे नेऊन त्यांचा टांका दाखवला आणि बिचाऱ्या हा शब्द मी मनातून काढून टाकला.

टांका म्हणजे जमिनीखालचा हौद. वर घुमटासारखं झाकण, त्याला लोखंडी दार आणि दाराला कुलूप. चहूबाजूंनी जमीन गोल करून, चोपून चोपून, टांक्याकडे उतार दिलेला, त्या गोल अंगणाला आगोर म्हणतात. पावसाचं पाणी आगोरावर पडतं, उताराने हौदाकडे येतं आणि जाळी लावलेल्या भोकांतून आत जातं. जाळी सापविंचू आत जाऊ नयेत म्हणून. आगोरावर चप्पल घालून जायचं नाही, जनावर फिरकू द्यायचं नाही, पावसाच्या आधी सगळ्यांनी मिळून झाडून घ्यायचं. आणि ते पावसाचं साठवलेलं पाणी, त्याला ते पालर पाणी म्हणतात, प्यायचं आणि फक्त प्यायचं. वापरायचं पाणी वेगळं. कुलूप उघडून तिने दोरीने डबा सोडला, वर आलेलं पाणी ओंजळीत घेतलं, गार, गोड, मागच्या पावसाळ्याचं. पाच-सहा महिने जमिनीखाली राहिलेलं पाणी असं लागतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी फिल्टरला दर सहा महिन्यांनी कँडल बदलायला हजारभर रुपये जातात.

पुढे रामगढच्या बाजूला बेरी पाहिल्या, त्या म्हणजे अजून एक आश्चर्य. वाळूच्या टेकड्यांमध्ये अगदी अरुंद विहिरी, माणूस जेमतेम आत बसून खणू शकेल एवढ्या रुंद, आत दगडाचं बांधकाम. खाली खोल भूजल आहे पण ते खारं. मात्र काही ठिकाणी मधल्या थरात जिप्समचा कडक पट्टा लागतो आणि पावसाचं वाळूत मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडून राहतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वाळूच्या कणाकणात ओल धरलेली असते, ती बेरीच्या पोकळीत थेंबाथेंबाने झिरपते. दिवसभरात दोन-तीन घागरी जमणार, तेवढ्याच काढायच्या, मग झाकण लावायचं. त्या पाण्याला वेगळं नाव आहे, रेजाणी पाणी. वरचं पालर, खालचं पाताल आणि मधलं रेजाणी. संपादकसाहेब, मी भाषेची मास्तरीण आहे म्हणून मला हे फार लागलं, ज्या माणसांकडे पाणी सगळ्यात कमी त्यांच्याकडे पाण्याला असे नेमके शब्द. आपल्याकडे आता नळाचं, बोअरचं, टँकरचं आणि जारचं, म्हणजे पाणी कुठून आलं एवढंच नाव उरलंय, आणि आड, बारव, पोहरा, रहाट हे शब्द माझ्या आठवीच्या मुलांना अर्थासकट फळ्यावर लिहून द्यावे लागतात.

कुलधरा सगळे बघतात, आम्हीही बघितलं. शहरापासून अठराएक किलोमीटरवर ओसाड गाव, पालीवाल ब्राह्मणांचं, साधारण दोनशे वर्षांपूर्वी रिकामं झालेलं. तिथे गेलं की जो तो भुताच्या गोष्टी सांगतो, दिवाण सालिमसिंगच्या जाचामुळे चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली, शाप देऊन गेली, वगैरे. एका रात्रीत गेली की पाणी कमी होत गेलं आणि शेतसारा वाढत गेला म्हणून हळूहळू गेली, याच्यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. मुलांना भुताची गोष्ट आवडली, ठीक आहे. पण त्याच पालीवालांनी जी गोष्ट मागे ठेवली तिच्याकडे एकही गाडी थांबत नव्हती. ती म्हणजे खडीन, पावसाचं पाणी बांधाने अडवून त्या ओलीवर पिकवायचं शेत.

आमच्याबरोबर माझे दीर होते, त्यांची निलंग्याकडे जिरायती शेती आहे. कुलधऱ्याच्या परिसरात रस्त्याच्या कडेला त्यांना हिरवं दिसलं आणि त्यांनी गाडी थांबवायला लावली. उघड्या खडकाळ माळाच्या पायथ्याशी एक लांबलचक मातीचा बांध आणि बांधाच्या आत, डिसेंबरमध्ये, वाळवंटात, घाटे धरायच्या बेताला आलेला हरभरा आणि गव्हाचं पोटरीएवढं शेत. मोटार नाही, पाइप नाही, विहीर नाही. दीर बांधावर उकिडवे बसले, बोटाने माती उकरली, मुठीत दाबली, तिचा लाडू झाला. म्हणाले, "ओल बघ वहिनी, अजून ओल आहे." तिथल्या शेतकऱ्याने सांगितलं ते असं, की पावसात माळावरचं सगळं पाणी वाहून या बांधाला अडतं, तळं होतं, जमिनीत मुरतं, पावसाळा संपल्यावर जास्तीचं पाणी बांधातल्या मोरीतून सोडून द्यायचं आणि वापसा आला की पेरायचं. नंतर एकही पाणी द्यायचं नाही. वाहून आलेला गाळ दरवर्षी बसत जातो म्हणून जमीन कसदार. ही पद्धत पंधराव्या शतकापासूनची सांगतात. माळ मोठा लागतो आणि शेत त्याच्या मानाने लहान, आणि अट अशी की माळावर कुणी बांधकाम करायचं नाही, नांगरायचं नाही, त्यावरूनच तर पाणी यायचं. दीर त्या दिवशी जेवताना फारसं बोलले नाहीत. आमच्या भागात काळी जमीन आहे, ओल धरण्यात तिच्यासारखी दुसरी नाही, आणि दिरांनी गेल्या दहा वर्षांत चार बोअर घेतले, त्यातला एकच चालू आहे, तोही फेब्रुवारीपर्यंत.

आता जे खटकलं ते पण लिहायला हवं, नुसतं कौतुक केलं तर ते खोटं होईल.

सम नावाची जागा आहे, जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर, वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे आमची एक रात्र तंबूत होती. तंबू कसले, पक्क्या खोल्याच, वर कापड. प्रत्येक खोलीला बाथरूम, शॉवर, गीझर, आणि मधोमध स्विमिंग पूल. शेजारच्या कॅम्पला पण पूल. त्याच दिवशी सकाळी आम्ही माजीसाचा टांका पाहून आलो होतो, त्यामुळे तो निळा पूल बघून पोटात कसंतरी झालं. मी मॅनेजरला विचारलं, पाणी कुठून आणता, तर म्हणाला टँकरने मॅडम, लोक मागतात, पूल नसला तर बुकिंग येत नाही. म्हणजे मागणारे आपण. महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या पाच गाड्या मी त्या एका पार्किंगमध्ये मोजल्या.

संध्याकाळी टेकड्यांवर जीप घेऊन जातात, वर चढवायची, खाली सोडायची, लोक ओरडतात. उंट रांगेने बसवलेले, त्यांच्या गळ्यात चमकीच्या माळा. आमचा उंटवाला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा होता, तो सांगत होता की सीझनचे चार महिने सोडले तर उंट पोसायला परवडत नाही, गावात आधी खूप होते, आता मोजकेच. 2014 साली उंट राजस्थानचा राज्यपशू झाला, पुढच्या वर्षी त्याला वाचवायला कायदा आला, राज्याबाहेर नेण्यावर बंधनं आली, पण त्यामुळे बाजारात गिऱ्हाईकच राहिलं नाही अशी पाळणाऱ्यांची तक्रार आहे. तो पोरगा उंटाशी हळू आवाजात बोलत चालत होता, वेसणीला हिसका देत नव्हता, हे मात्र मी नीट पाहिलं.

आणि कचरा. सूर्य मावळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि उठून गेले, आणि मागे चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे ग्लास. माझी पुतणी अनवाणी पळत होती, वाळूखाली फुटकी बिअरची बाटली होती, टाचेला काच गेली, तीन टाके पडले जैसलमेरला जाऊन. ती बाटली वाऱ्याने आणून टाकलेली नव्हती, माझ्या तुमच्यासारख्याच कुणीतरी पर्यटकाने प्यायली आणि गाडली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच परत टेकडीवर गेले, तेव्हा कुणी नव्हतं. रात्रीच्या वाऱ्याने सगळी पावलं, सगळे टायरचे पट्टे पुसले होते आणि त्या कोऱ्या वाळूवर फक्त एका काळ्या भुंगेऱ्याच्या पायांची बारीक नक्षी होती, दोन्ही बाजूंनी टाके घातल्यासारखी, लांबपर्यंत गेलेली. तिच्या मागे मागे मी गेले तर ती एका झुडपाच्या बुडाशी संपली, तिथे बीळ होतं. आदल्या दिवशी त्याच जागी जीप गेली होती. वाळवंट रिकामं असतं हे मला शाळेत शिकवलं होतं, ते तिथे माझ्यापुरतं संपलं.

रात्रीच्या गाण्यांबद्दल थोडंसं. मांगणियार कलाकार आले होते, एक म्हातारे कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, घेऊन आणि दोन मुलं, एक ढोलकला, एक खडताल वाजवणारा. हे लोक मुसलमान, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या यजमानांसाठी गातात ते बहुतेक हिंदू राजपूत, त्यांच्या घरी जन्म असो लग्न असो यांच्या गाण्याशिवाय होत नाही. आपल्याकडे गोंधळी जसे घराण्याचे असतात तसंच. याच समाजातल्या हमीरा गावच्या साकर खान यांना कमायचासाठी 2012 मध्ये पद्मश्री मिळाली होती. म्हाताऱ्यांनी सूर लावला, तो गज फिरला आणि अंगावर काटा आला, आणि तीनच गाणी झाली असतील तोवर लोकांनी डीजे मागितला. मॅनेजरने खूण केली, म्हाताऱ्यांनी कमायचा धुतलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळला, गाठ मारली आणि उठले. आम्ही त्यांना बाजूला आमच्या तंबूजवळ बोलावलं, चहा दिला आणि आणखी अर्धा तास ऐकलं, पण मागून डीजेचा दणका इतका की त्यांना स्वतःचा सूर ऐकू येत नव्हता. दहाला डीजे बंद करायचा नियम आहे असं लिहिलेलं होतं, साडेबारापर्यंत चालू होता.

जैसलमेरचा किल्ला 1156 सालचा, रावल जैसलने बांधलेला, पिवळ्या दगडाचा, उन्हं कलली की खरंच सोन्याचा दिसतो. त्यात आजही हजारो माणसं राहतात, 2013 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आम्ही हौसेने आतल्याच हॉटेलात दोन रात्री राहिलो आणि तिथल्या गाइडकडून कळलं की किल्ल्याला सगळ्यात मोठा धोका पाण्याचा आहे. वाळवंटातल्या किल्ल्याला पाण्याचा! पूर्वी वर घागरीने पाणी चढायचं, तेवढ्यात भागायचं. नळ आले, हॉटेलं आली, प्रत्येक खोलीत न्हाणीघर आलं, ते पाणी पायाच्या मातीत मुरायला लागलं आणि बुरूज सरकायला लागले. 2024 च्या ऑगस्टमध्ये पावसात तटाचा एक भाग पडलासुद्धा. हे आधी कळलं असतं तर मी आत खोली घेतली नसती. जाणाऱ्यांनी किल्ला जरूर पाहावा, दिवसभर फिरावा, तिथल्या घरांतून चहा नाश्ता घ्यावा, पण मुक्काम खाली शहरात करावा, एवढी माझी विनंती नक्की छापा.

खाली गडीसर तलाव आहे, चौदाव्या शतकातला. साठ वर्षांपूर्वीपर्यंत सगळं शहर त्याच्यावर जगत होतं. आता तिथे पॅडलच्या बोटी आहेत. शहराला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं, पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून सहाशेहून जास्त किलोमीटर चालत आलेलं सतलज-बियासचं पाणी. कालव्याने माणसं जगवली यात शंका नाही, बायकांची मैलोन्‌मैल पायपीट वाचली, ती कुणी वाईट म्हणू नये. पण गडीसरच्या घाटावर बसलेल्या एका आजोबांनी जे सांगितलं ते ओळखीचं वाटलं, नळ आला तसं तलावाच्या पाणलोटाची राखण करणारं कुणी उरलं नाही. आणि दर उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, नहरबंदी म्हणतात, तेव्हा ज्याचा टांका शाबूत तो निवांत आणि ज्याने बुजवला तो टँकरच्या रांगेत. आमच्या मराठवाड्यात गावोगाव बारवा आहेत, दगडी, सुंदर. नळ आल्यावर त्यांचं आपण काय केलं ते प्रत्येकाने आपल्या गावची बारव आठवून बघावं. माझ्या माहेरच्या बारवेत मी लहानपणी पोहले आहे, आता तिच्यात गणपतीची निर्माल्यं आणि थर्माकोल आहे.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत ड्रायव्हरभैयाने गाडी थांबवली, दुर्बीण दिली आणि म्हणाला, वो देखिए, गोडावण. लांब गवतात एक उंच पक्षी, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, एकेक पाऊल जपून टाकत चालला होता. गोडावण म्हणजे आपला माळढोक. मी सातवीत असताना आमच्या बाबांनी आम्हाला सोलापूरजवळ नान्नजला नेऊन दाखवला होता, तेव्हा तिथे दिसायचा. आता आपल्याकडे त्याच्या नावाचं अभयारण्य आहे आणि पक्षी जवळजवळ नाहीच. जगात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात आणि त्यातले बहुतेक या जैसलमेरच्या माळावर. तिथे पण त्याच्या वाटेत विजेच्या तारा आहेत. पवनचक्क्या, सोलर आणि त्यांच्या हाय टेन्शन लाइनी. त्याला समोरचं नीट दिसत नाही, जड पक्षी, वळता येत नाही, तारेवर आदळतो. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये तारा जमिनीखालून न्या असं सांगितलं होतं, 2024 मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सोलर नको असं मी म्हणणार नाही, आमच्या शाळेच्या गच्चीवर पण आहे आणि त्याचा उपयोग होतो. पण तिथे ओरण आहेत, म्हणजे देवाच्या नावाने शेकडो वर्षं राखलेली कुरणं, देवराई जशी, तिथे कुऱ्हाड चालवायची नाही. सरकारी कागदावर त्यातल्या कित्येक जमिनी पडीक म्हणून लिहिलेल्या आणि पडीक म्हटलं की कंपनीला देता येतात. डेगरायच्या ओरणासाठी तिथले गुराखी कितीतरी वर्षं भांडताहेत. 2024 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ओरणांची मोजणी करून त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं आहे, ते जमिनीवर कधी उतरतं ते बघायचं.

त्या ओरणात जी झाडं आहेत ती खेजडीची. जोधपूरजवळ खेजडली गावात 1730 मध्ये ही झाडं वाचवताना अमृतादेवींसह बिश्नोई समाजाच्या 363 माणसांनी जीव दिला, हे पुष्कळांना माहीत असतं. पण खेजडी म्हणजे आपली शमी, हे मला तिथे जाऊन कळलं. दसऱ्याला जिची पूजा करतो, पांडवांनी जिच्यावर शस्त्रं ठेवली, ती. माजीसाच्या घरी बाजरीच्या जाड भाकरीबरोबर, त्याला ते सोगरा म्हणतात, जी सांगरीची भाजी खाल्ली ती याच शमीच्या शेंगांची. सासूबाईंनी झाडाला हात लावून नमस्कार केला तर माजीसानेही केला. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, तासभर गप्पा मारत होत्या.

परत आल्यावर मी हिशोब मांडला, दिरांना आणि नवऱ्याला बसवून. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या घराचं छत 1000 चौरस फूट, म्हणजे 93 चौरस मीटर. लातूरला 700 मिलिमीटर धरला तर वर्षाला 65 हजार लिटर आमच्या डोक्यावर पडतं आणि पन्हाळीतून रस्त्यावर, तिथून गटारात जातं. पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला रोज माणशी 10 लिटर लागलं तर वर्षाचे झाले सव्वाअठरा हजार. म्हणजे आमच्यासाठी 200 मिलिमीटरचा पाऊससुद्धा पुरला असता. हा आकडा कागदावर आला तेव्हा घरात बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्या 2016 च्या उन्हाळ्यात आम्ही एका घागरीसाठी रात्री दोन वाजता उठत होतो.

आता आम्ही घराच्या मागच्या बाजूला जमिनीखाली 20 हजार लिटरचा हौद बांधायचं ठरवलंय, फक्त प्यायच्या पाण्याचा, कुलूप लावायचा. दोन कंत्राटदारांना विचारलं, दोघंही म्हणाले बोअरमध्ये सोडून देऊ, सगळे तसंच करतात, हौद कुणी बांधत नाही. बोअर भरणं चांगलंच आहे, पण बोअरमधलं माझं पाणी शेजारचा खोल बोअर ओढून नेतो हे आम्ही भोगलंय. तर आपल्या वाचकांपैकी कुणी मराठवाड्यात घरी असा पावसाच्या पाण्याचा हौद बांधला असेल तर त्यांनी कळवावं, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला कसं काढता, आतून चुना लावता की सिमेंट, अंधारात पाणी किती महिने चांगलं राहतं, वरून गच्ची कशी ठेवता. आपण ही पत्रं छापलीत तर फार उपयोग होईल. खोदकाम एप्रिलमध्ये सुरू करायचंय, पाऊस जूनमध्ये येतो, म्हणून जमलं तर हे पत्र मार्चच्या आत छापा.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, लातूर